बिनसांध्याची नळी

लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी देऊळ आहे. जवळच पुष्करणी, काठावर कोरीव मंडप, आणि परिसरात यज्ञवराहाची देखणी मूर्ती. वराह हा विष्णूचा अवतार, तर मल्लिकार्जुन म्हणजे महादेव. मग महादेवाच्या दारात वराह काय करतोय? जाणकार सांगतात की हे स्थान मूळचं विष्णूचं असावं आणि पुढे कधीतरी ते शिवाचं झालं. खांब तेच राहिले, पाणी तेच राहिलं, पायऱ्याही त्याच. गाभाऱ्यातला धनी तेवढा बदलला. जुना धनी निघून गेला असंही म्हणवत नाही, कारण तो बाहेर उभा आहेच.

कंपन्यांच्या विलीनीकरणाबद्दल लिहायला बसलो आणि आधी हे देऊळ आठवलं. भाविकांनी रागावू नये. पण कारखाना विकला गेला, अमकी कंपनी तमकीत विलीन झाली, अशी बातमी पेपरात येते तेव्हा आपण गाभाऱ्याकडेच बघत बसतो. कोण आलं, कोण गेलं, किती कोटींना गेलं. पायऱ्यांचं काय झालं, पाणी कुणी भरायचं, बाहेरच्या मूर्तीला ऊन लागतंय का, हे कुणी विचारत नाही. एखाद्या मुलखाचं बरंवाईट मात्र याच गोष्टींवर ठरतं.

देवळातून बाहेर पडा आणि बारामती–मोरगाव रस्त्याला लागा. मोरगाव मयूरेश्वराचं, त्याच्या पुढे जेजुरी खंडोबाची. जेजुरीच्या एमआयडीसीत पोलाद वितळवणारी भट्टी आहे आणि बारामतीच्या एमआयडीसीत नळ्यांचा कारखाना. भट्टीत तयार झालेले भरीव गोल लोखंडी ओंडके, कामगारांच्या भाषेत ‘राऊंड’, जेजुरीहून बारामतीला जातात आणि तिथे त्यांच्या नळ्या होतात. दोन्ही कारखाने एकाच कंपनीचे. लोणी भापकर या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. नीरा डाव्या कालव्याच्या कृपेनं तालुक्याचा एक भाग उसानं हिरवागार असतो. लोणीच्या बाजूचा मुलूख जिरायती. पाऊस मन मानेल तसा येतो, कधी येतच नाही. असल्या भागात घरातलं एक माणूस एमआयडीसीत कामाला असणं म्हणजे दुसरी विहीर असल्यासारखं. त्या विहिरीची मालकी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कशी फिरली, ती गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी नळी. कारण ती नळी म्हणजेच एक नवल आहे.

लोखंडाचा पाइप करायची सोपी रीत म्हणजे पत्रा घ्यायचा, गुंडाळायचा आणि कडेला कड जोडून वेल्डिंग मारायचं. घरच्या नळाला हे चालतं. पण तेलविहिरीत, बॉयलरमध्ये किंवा जेसीबीचा हात उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये असा पाइप घातला, की दाब सांधा शोधत जातो. पाइप फुटतो तो बहुधा जोडावरच. म्हणून सांधाच नसलेली नळी हवी. आणि बारामतीला येणारा ओंडका तर भरीव! त्याला आरपार भोक पाडायचं म्हणजे ड्रिल मारायचं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं.

ओंडका बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. लालपिवळा झाला की त्याला दोन मोठ्या, मध्ये फुगीर रुळांमध्ये ढकलतात. रूळ एकमेकांना किंचित तिरके बसवलेले असतात आणि एकाच दिशेनं गरागरा फिरतात. ओंडका त्यांच्यात सापडला की स्वतःभोवती फिरत फिरत पुढे सरकतो, स्क्रू आत जावा तसा. बाहेरून दाबत फिरवलेल्या जिनसेच्या पोटात काय होतं, ते घरी करून बघता येतं. घट्ट भिजवलेल्या कणकेची जाड वळी दोन तळव्यांमध्ये दाबून बराच वेळ फिरवा आणि मग मोडा. मधोमध चीर पडलेली दिसेल. लोखंडाचंही तेच होतं. फिरत्या दाबानं त्याचा गाभा आपणहून उकलायला लागतो, आणि त्याच क्षणी समोर धरलेलं टोकदार लोखंडी बोंड त्या उकलत्या गाभ्यात शिरतं आणि भोक गुळगुळीत करत जातं. काही सेकंदांत भरीव ओंडक्याची जाड पोकळ नळी होते. पुढे तिला आणखी रुळांतून काढून लांब आणि पातळ करतात. कापणं नाही, जोडणं नाही.

ही युक्ती राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या दोन जर्मन भावांनी १८८५ च्या सुमारास शोधली. १८९० मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि शंभर वर्षं जगभर नळ्या विकत राहिली. मग १९९० मध्ये या नळीवाल्यांनी जर्मनीत मोबाइल फोनचा परवाना मिळवला. फोन इतका चालला की नळ्या मागे पडल्या. २००० साली ब्रिटनच्या व्होडाफोननं मानेसमान कंपनी गिळली, तीही सुरुवातीला मानेसमानच्या संचालकांचा कडवा विरोध असताना. सुमारे १८० अब्ज डॉलरचा तो सौदा जगाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या कंपनी-खरेदींत आजही मोजला जातो. व्होडाफोनला नळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. नळ्यांचा धंदा त्याच वर्षी साल्झगिटर या पोलाद कंपनीकडे गेला.

पुढचं तुमच्याआमच्या खिशातलं आहे. महाराष्ट्रात मोबाइल नवा होता तेव्हा इथे बिर्ला एटी अँड टी ही कंपनी होती. तिच्यात टाटांची मोबाइल कंपनी मिसळली आणि तिघांची आद्याक्षरं जोडून बाजारानं तिचं नाव पाडलं ‘बटाटा’. २००२ मध्ये बटाट्याची आयडिया झाली. व्होडाफोन २००७ मध्ये हच विकत घेऊन भारतात आलं, आणि २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाले. आता मोरगाव रस्त्यावर जेजुरीहून आलेला ट्रक चाललाय आणि कडेला कुणी खिशातला फोन काढून ‘व्हीआय’चं नेटवर्क शोधतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. ट्रकमधल्या लोखंडावर मानेसमान भावांची युक्ती चालणार आहे, आणि फोनमधल्या सिमच्या वंशावळीतही त्याच मानेसमानांची कंपनी आहे. दोन नात्यातली माणसं समोरासमोर यावीत आणि त्यांनी एकमेकांना ओळखू नये, तशातली गत.

आता बारामतीच्या कारखान्याकडे येऊ.

हा नळ्यांचा कारखाना मूळचा कल्याणी सीमलेस ट्यूब्स या कंपनीचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो इंडियन सीमलेस या कंपनीत मिसळला. तिचा नळ्यांचा दुसरा कारखाना अहिल्यानगरला. पुढे जेजुरीची पोलादाची आणि ही नळ्यांची अशा दोन्ही शाखा एका नावाखाली आल्या. ते नाव आयएसएमटी. आजही कामगारांच्या तोंडी तेच आहे. कागदावरची नावं झपाट्यानं बदलतात, तोंडातली पिढीभर टिकतात.

या कंपनीनं २००७ मध्ये स्वीडनमधल्या स्टोरफोर्स नावाच्या छोट्याशा गावातली स्ट्रक्टो हायड्रॉलिक्स ही कंपनी विकत घेतली. ती सिलिंडरच्या नळ्या बनवायची. बारामतीपलीकडची बाजारपेठ म्हणजे फलटण असं मानणाऱ्या आपल्या मुलखासाठी ही गोष्ट थोरच. काही काळ तरी स्वीडनमधल्या एका खेड्याच्या पगाराचा विचार पुण्यात होत होता.

मग दिवस फिरले. विस्तारासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. चीनमधून स्वस्त नळ्यांचा लोंढा आला, इतका की सरकारला २०१६-१७ मध्ये त्यावर अँटी-डम्पिंग शुल्क बसवावं लागलं. २०१४ नंतर कच्च्या तेलाचे भाव कोसळले आणि तेलविहिरींच्या नळ्यांची मागणीही आटली. मशीन उत्तम, कामगार तरबेज, आणि तरी कंपनी गळ्यापर्यंत बुडालेली, ही अवस्था आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांमुळे सगळ्यांना ओळखीची आहे. धुराडं पेटलेलं दिसतं म्हणून आत सगळं ठीक आहे असं नसतं.

२०२१ च्या अखेरीस पुण्याच्याच किर्लोस्कर फेरस कंपनीनं आयएसएमटीत ५१.२५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं, आणि मार्च २०२२ मध्ये सुमारे ४७६ कोटी रुपये भरून घेतला. इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. कंपनी विकत घेण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे जुन्या मालकाचे शेअर घ्यायचे. तेव्हा पैसा जुन्या मालकाच्या खिशात जातो आणि कारखान्याला रुपयाही मिळत नाही. गायीचा बाजार होतो तसं: पैसे जुन्या धन्याला, गाय त्याच चाऱ्यावर. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीनं नवे शेअर काढायचे आणि ते नव्या मालकानं घ्यायचे. तेव्हा पैसा कंपनीच्या तिजोरीत येतो. बारामतीच्या बाबतीत हा दुसरा मार्ग होता. आलेल्या पैशातून कर्ज देणाऱ्यांशी एकरकमी तडजोड झाली. त्यांनी बऱ्याच रकमेवर पाणी सोडलं आणि कंपनीची मान मोकळी झाली.

म्हणून कंपनी विकली गेल्याची बातमी ऐकली की मी आधी एवढंच बघतो, की पैसा गाईला मिळाला की गाय विकणाऱ्याला. आकडा कितीही मोठा असो, परिसरासाठी हाच फरक खरा.

दोनेक वर्षं आयएसएमटी किर्लोस्करांच्या घरातली पण वेगळ्या चुलीची कंपनी राहिली. मग पुढची पायरी, खरंखुरं विलीनीकरण. आयएसएमटीच्या दर १०० शेअरांमागे किर्लोस्कर फेरसचे १७ शेअर, असं प्रमाण ठरलं. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं २०२४ च्या मध्यावर मंजुरी दिली आणि आयएसएमटी ही कंपनी संपली. संपली म्हणजे कायद्याच्या लेखी. कारखान्याच्या भोंग्याला त्याचा पत्ता नाही. कंपनीचं मरण माणसासारखं नसतं. तिची देणी, येणी, खटले, परवाने, कामगार, सगळं एका आदेशानिशी दुसरीच्या अंगात उतरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दत्तकविधान. फक्त इथे दत्तक जाणाऱ्याचं जुनं नावही विधीत जळतं.

या विधीला दक्षिणा राज्य सरकारलाही पडते. अशा आदेशानं मालमत्ता हस्तांतरित होते, म्हणून त्यावर मुद्रांक शुल्क लागतं. महाराष्ट्र सरकारचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात मान्य केला. आणखी एक गंमत तोट्याची. काही अटी पाळल्या तर विलीन होणाऱ्या कारखानदार कंपनीचा साचलेला तोटा नव्या कंपनीला आपल्या नफ्यातून वजा करता येतो, म्हणजे आयकर कमी पडतो. आजारी कंपनीचा तोटा हाही घेणाऱ्याच्या लेखी ऐवज असतो. कर्जबाजारी घरातली मुलगी करताना तिच्या बापाचं कर्जच हुंडा म्हणून मोजावं, असा हा व्यवहार.

मग मोरगाव रस्त्यावर काय बदललं? पहिली गोष्ट म्हणजे लोखंडाचं माहेर. किर्लोस्कर फेरसच्या झोतभट्ट्या कर्नाटकात कोप्पळला आहेत. तिथे कच्चं लोखंड, म्हणजे पिग आयर्न, तयार होतं. जेजुरीच्या भट्टीला लोखंड लागतंच. पूर्वी हे दोन वेगवेगळे धंदे होते, प्रत्येकाचा नफा वेगळा, प्रत्येकाची उधारी वेगळी. आता कोप्पळ, जेजुरी आणि बारामती ही एकाच वहीतली तीन पानं झाली. खनिजापासून नळीपर्यंतची वाट घरातल्या घरात. बाजारात भंगाराचा भाव चढला तर भट्टीला घरचं लोखंड आहे. बाजारात कच्चं लोखंड पडून राहिलं तर त्याला घरची भट्टी आहे. अशी साखळी जुळते तेव्हा मधल्या गावातला कारखाना टिकण्याची शक्यता वाढते, कारण तो बंद पडला तर साखळीच तुटते. मुलखाच्या दृष्टीनं विलीनीकरणाची ही चांगली बाजू, आणि ती कागदावरच्या ‘सिनर्जी’ या कोरड्या शब्दामागे लपून जाते.

दुसरी गोष्ट तितकी गोड नाही. विलीनीकरणाच्या प्रत्येक योजनेत एक ठरलेलं कलम असतं: कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नाहीत अशा अटींवर नव्या कंपनीत जातील. ग्रॅच्युइटीची वर्षं मोजलेली राहतात, पीएफ चालू राहतो. ही कायम कामगारांची गोष्ट. आता आपल्याकडच्या कुठल्याही एमआयडीसीत सकाळच्या शिफ्टला फाटकाशी उभं राहून मोजा, की आत जाणाऱ्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती. कंत्राटी कामगार कागदोपत्री कंपनीचा नसतोच, तो ठेकेदाराचा असतो. विलीनीकरणाच्या शंभर पानी दस्तात त्याचं नाव तर सोडाच, त्याची जमातही येत नाही. नव्या मालकानं ठेकेदार बदलला की त्याची नोकरी गेली, आणि ती गेल्याची नोंद कुठेही नाही. तीच गत जॉबवर्क करणाऱ्या छोट्या गाळेवाल्याची, कॅन्टीनला भाजी देणाऱ्याची, टेम्पोवाल्याची. पूर्वी खरेदी खात्यातल्या साहेबाला भेटून काम मिळायचं. मोठ्या कंपनीत खरेदी एका जागी येते, दर जास्त मालावर ठरतात आणि दोन लेथवाला आपोआप रांगेबाहेर पडतो. कुणी त्याला हाकललेलं नसतं.

बिनसांध्याच्या नळ्या बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींत मिसळतात तेव्हा सांधा राहतोच. तो या लोकांच्या अंगावर राहतो, आणि दाब आला की नेमका तिथे फुटतो.

तिसरी गोष्ट सहज नजरेला पडत नाही. ठरावीक आकारावरच्या कंपनीनं गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी, असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, आणि त्यात आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही म्हणतो. तोट्यातल्या कंपनीकडे असा नफाच नसतो. म्हणजे कारखाना कर्जात रुतला की शाळेच्या खोल्यांना आणि पाझर तलावाच्या गाळाला मिळू शकणारा पैसाही आटतो, आणि तोच कारखाना नफ्यातल्या कंपनीत गेला की पुन्हा मागायला तोंड मिळतं. ग्रामपंचायतींनी वार्षिक अहवाल वाचायला हवेत असं मी म्हटलं तर लोक हसतील. पण वाचायला हवेत.

बारामतीची एमआयडीसी म्हणजे असल्या सोयरिकींचं गोकुळ आहे. पिआजिओचा कारखाना घ्या. १९९९ च्या सुमारास इथे तीनचाकी आपे निघू लागली, ती इटलीच्या पिआजिओ आणि आपल्या ग्रीव्हज कंपनीच्या भागीदारीतून. पुढे ग्रीव्हज भागीदारीतून बाहेर पडली, पण आपेसाठी डिझेल इंजिनं पुरवत राहिली. घटस्फोटानंतरही डबा देणं चालू! इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी, हे सांगितलं की आपेवाल्यांना भारी गंमत वाटते. मग २००४ च्या अखेरीस पिआजिओनं तिकडे इटलीतच अप्रिलिया ही शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी गाजलेली कंपनी विकत घेतली. व्हेनिसजवळच्या नोआले गावातली कंपनी, सौदा इटालियनांचा इटालियनांशी. बारामतीचा संबंधच काय? संबंध यायला बारा वर्षं लागली. २०१६ मध्ये अप्रिलियाची स्कूटर बारामतीत बनू लागली आणि २०२३ मध्ये अप्रिलियाची आरएस ४५७ ही मोटारसायकल. ती इथून परदेशातही जाते. २००४ मध्ये इटलीत झालेल्या सह्यांमुळे आज बारामती तालुक्यातला आयटीआय झालेला पोरगा शर्यतीच्या घराण्यातल्या गाडीचे बोल्ट आवळतोय. ओढ्याला वरच्या अंगाला कुणी बांध घातला, ते खालच्या शेताला कधी कधी बारा वर्षांनी कळतं.

दुधाची गोष्ट मात्र इतकी संथ नसते. बारामतीत डायनामिक्स नावाची मोठी डेअरी उभी राहिली, तिच्यात पुढे अमेरिकेतली श्रायबर फूड्स आली आणि नाव झालं श्रायबर डायनामिक्स. ब्रिटानियाच्या डब्यातलं चीज अनेक वर्षं इथं बनत होतं. श्रायबरचं मुख्य ठाणं विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे, आणि ती अमेरिकेतल्या मोठ्या कर्मचारी-मालकीच्या कंपन्यांत गणली जाते. म्हणजे तिकडचे कामगारच तिचे धनी. आमच्या सहकाराच्या बालेकिल्ल्यात अमेरिकेतून एक कामगारांच्या मालकीची कंपनी यावी, आणि ती शेअर बाजारातून नव्हे तर चीजच्या वाटेनं यावी, याचं मला आजही हसू येतं.

गोठ्यातल्या माणसाला मात्र मालक अमेरिकन आहे की आणखी कोण, याचं सोयरसुतक नसतं. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ लागतं, दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पगारच म्हणतात आपल्याकडे, आणि बरोबरच आहे. त्याला प्रश्न एकच: या केंद्रानं दर पाडला तर कॅन दुसरीकडे नेता येईल का? २०१९ मध्ये फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहानं आपल्या भारतीय कंपनीमार्फत श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दुधाचा धंदा १,७०० कोटी रुपयांना घेतला. लॅक्टालिस म्हणजे जगातली सर्वांत मोठी दूध कंपनी. अशा सौद्याचा अंदाज आकड्यावरून लागत नाही, गावात दूध घेणारे किती उरले यावरून लागतो. बारामती-इंदापूरचं नशीब असं, की इथे तालुका संघाचं नंदन आहे, इंदापूरचं सोनाई आहे, श्रायबर आहे, आणखीही गाड्या फिरतात. चार जण घेणारे असतील तर एखाद्याचा मालक बदलल्यानं गोठा हलत नाही. एकच असेल तर मालक न बदलताही हलतो.

मक्तेदारी रोखायला दिल्लीत स्पर्धा आयोग आहे. २०११ पासून मोठ्या विलीनीकरणांना त्याची परवानगी लागते. पण मोठं म्हणजे कोट्यवधींच्या हिशेबात मोठं. एका खेड्यातली दोन संकलन केंद्रं एकाच्या हाती गेली तर खेड्यापुरती मक्तेदारी शंभर टक्के झाली, आणि आयोगाच्या दुर्बिणीत ती दिसायलाही नको, इतकी बारीक.

मालक जवळचा असला म्हणजे बरं, हे म्हणणं सोपं आहे. पुण्याच्या कंपनीनं पुण्याची कंपनी घेतली, त्यामुळे बारामतीचे निर्णय पूर्वीही पुण्यात होत होते आणि आताही तिथेच होतात. एसटीनं जाऊन भेटता येतं. याउलट ब्रिटनमधलं ब्रिस्टलजवळचं सोमरडेल बघा. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टनं कॅडबरी घेताना सांगितलं की तिथला चॉकलेटचा कारखाना आम्ही चालू ठेवू. कंपनी हातात आली आणि काही दिवसांतच जाहीर केलं की कारखाना बंद, काम पोलंडला जाणार. सुमारे चारशे जणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न. इतका गहजब झाला की ब्रिटननं पुढच्या वर्षी कंपनी-खरेदीचे नियमच बदलले आणि घेणाऱ्यानं दिलेला शब्द कसा पाळायचा ते लिहून ठेवलं.

पण लगेच परदेशी मालक वाईट असा निष्कर्ष काढायच्या आधी वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला जाऊन विचारा. तिथे परदेशी मालक म्हणजे आपण. २००७ मध्ये टाटा स्टीलनं कोरस घेतली तेव्हा मुंबईत केवढा अभिमान होता, मलाही होता. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी विझली. कोळशाच्या भट्ट्या तोट्यात आणि प्रदूषण करणाऱ्या, जागी विजेची भट्टी येणार, हे सगळं खरं. तरी शतकाहून जास्त काळ पोलादावर जगलेल्या त्या गावात ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या तोंडी ‘मुंबई’ हा शब्द कसा येत असेल, याचा विचार करून बघावा. स्टोरफोर्सच्या लोकांनी २००७ मध्ये नकाशात पुणे शोधलं असेल, तसंच.

आपल्याच इंदापूर तालुक्यात उलटी तऱ्हा आहे. वालचंद हिराचंदांनी मार्सलंड प्राइस ही १९०८ सालची इंग्रजी नावाची बांधकाम कंपनी आपल्या हाती घेतली आणि तिच्या छत्राखाली कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि शेतीचं गाव वसवलं. तेच वालचंदनगर. त्या कंपनीनं पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवली, आणि आज इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटरची कवचं तिथे घडतात. विकत घेतलेल्या कंपनीचं काय करायचं ते घेणाऱ्याच्या डोक्यात असतं. त्याच वालचंदांच्या मालेगावकडच्या रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांची नावं, पान पसंद वगैरे, २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटींना घेतली. नावं तेवढी. आपलं सगळ्यांचं बालपण २७ कोटींत गेलं, म्हणजे तसं स्वस्तातच.

संध्याकाळी मोरगाव रस्त्याला उभं राहिलं तर दोन्ही बाजूंनी अवजड गाड्या जाताना दिसतात. जेजुरीकडून येणाऱ्यात भरीव राऊंड, एकावर एक रचलेले, साखळदंडांनी आवळलेले. बारामतीकडून पुण्याच्या वाटेला लागलेल्यात नळ्यांचे जुडगे, टोकांना प्लास्टिकची टोपणं लावलेली, आतल्या पोकळीत धूळ जाऊ नये म्हणून. एमआयडीसीतून सुटलेली पोरं दुचाकीवरून त्यांना ओलांडत गावाकडे वळतात. काहींच्या गळ्यात अजून ओळखपत्र लटकत असतं. त्यावर वर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, आणि खाली, बारीक अक्षरात, ठेकेदाराचं.